खालच्या लूपरचा धागा सारखा तुटतो? टेन्शनच्या डायलला हात लावण्याआधी हे बघा

रत्नागिरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं घरगुती, चार धाग्यांचं ओव्हरलॉक मशीन पावसाळाभर झाकून ठेवलेलं होतं. आता काढलं तर वीतभर शिवलं की खालच्या लूपरचा (सुईच्या खाली धाग्याचे फासे घालणाऱ्या आकड्याचा) धागा तुटतो. तुटला की त्या तेवढाच पुन्हा ओवतात, वीतभर चालतं, पुन्हा तुटतो. धाग्यावर ताण जास्त येत असेल म्हणून त्यांनी डायल 4 वरून कमी करत करत 1 वर आणला. तुटणं काही थांबलं नाही, उलट आता कापडाच्या कडेबाहेर फासे लोंबायला लागलेत. टी-शर्टच्या कापडावर मधूनच टाके सुटतात ते वेगळंच. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला: टायमिंग (सुई आणि लूपर यांच्या हालचालींचा मेळ) गेलंय, लूपर बदलावा लागेल.

ताई, लूपर बदलायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय ना, "तुटला की तेवढाच ओवते", गोम तिथेच दिसते. साध्या मशीनवर धागा तुटला की सुईत ओवायचा आणि पुढे निघायचं ही सवय आपल्या हातात मुरलेली असते. ओव्हरलॉकच्या खालच्या लूपरला ती चालत नाही.

का चालत नाही ते मशीन उघडूनच बघा. प्लग काढा, समोरचं झाकण उघडा आणि चाक हाताने, मशीनवर दाखवलेल्या बाणाच्या दिशेने, अगदी सावकाश फिरवा. सुई खाली जाऊन वर यायला लागली की तिच्यामागे धाग्याचा बारीक फासा तयार होतो. डावीकडून खालचा लूपर येतो आणि त्या फाशात टोक घालतो. तो उजवीकडे सरकतो तेव्हा वरचा लूपर वर चढता चढता त्याचा धागा उचलून घेतो आणि कापडाच्या कडेला वळसा घालून वर येतो. वर येऊन तो डावीकडे झुकतो, आणि सुई पुन्हा खाली येताना नेमकी त्याच्या धाग्याच्या आत उतरते. सुईचा धागा खालचा लूपर धरतो, खालच्याचा वरचा धरतो, वरच्याचा पुन्हा सुई धरते. इथे बॉबिन नाही. तिघांनी एकमेकांना धरून ठेवलं तरच टाका बनतो, त्यामुळे कोणाचा धागा कोणाच्या कुठल्या बाजूने गेलाय याला इथे फार महत्त्व आहे.

सुयांत धागा असताना तुम्ही खालचा लूपर ओवता तेव्हा सुईच्या धाग्याचं शेपूट प्लेटखाली उतरून त्याच लूपरवर पडलेलं असतं. नवा धागा त्याच्या चुकीच्या बाजूने जातो. पहिले काही टाके कसेबसे पडतात, कधी दहा टाके, कधी वीतभर. मग दोन्ही धागे एकमेकांत पीळ घेतात, खालचा आवळला जातो आणि तुटतो. त्याला डायलचा ताण कारणच नसतो, म्हणून डायल 1 वर नेऊनही फरक पडत नाही.

आता करायचं असं. दोन्ही सुयांतला धागा ओढून काढून टाका. नुसता सैल करून भागणार नाही, नेढ्यातून पूर्ण बाहेर काढा. खाली लूपरपाशी जेवढे तुटके धागे दिसतील तेवढे चिमट्याने उचला. चाक फिरवून सुया सगळ्यात वर आणा. मग खालचा लूपर ओवा, आणि तो झाल्यावरच सुया. अगदी सुरुवातीपासून चारही धागे ओवायचे असतील तर बहुतेक मशीनवर आधी वरचा लूपर, मग खालचा, मग उजवी सुई आणि शेवटी डावी असा क्रम असतो. काही कंपन्या दोन लूपरचा क्रम उलटा सांगतात, तेव्हा पुस्तिका काय म्हणते ते बघा. सुया मात्र कुठल्याही कंपनीच्या मशीनवर शेवटीच.

खालचा लूपर ओवताना दोन जागा हमखास चुकतात. लूपर डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत लांब असतो आणि त्याच्या अगदी डाव्या टोकाशी, आत, एक हूक किंवा खाच असते. हात तिथे नीट पोचत नाही, मान वाकडी करून बघावं लागतं, म्हणून धागा त्या हुकात न घालताच लोक थेट नेढ्यात ओवतात. धागा मग मोकळा झुलतो आणि दर फेरीला कुठेतरी घासतो. काही मशीनवर या जागी ओवायला सोपं जावं म्हणून एक छोटी कळ दिलेली असते. ती दाबून बाहेर काढायची, धागा अडकवायचा आणि परत जागेवर बसवायची. परत बसवताना "टक्" आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली कळ धागा तोडतेच. चाक फिरवून लूपर जास्तीत जास्त उजवीकडे आणलात तर ते डावं टोक पुढे येतं आणि चिमटा पोचतो.

ओवून झालं की चारही शेपटं वीतभर लांब ठेवून फुटाखालून मागे, जरा डावीकडे घ्या. फूट खाली करा. पेडलवर पाय न देता चाक हाताने तीन-चार वेळा फिरवा. प्लेटवरच्या बारीक जिभेभोवती चारही धाग्यांची साखळी बनताना दिसली की काम बरोबर झालं. नाही दिसली तर पेडल दाबून बघण्यात अर्थ नाही, गुंता तेवढा वाढेल.

डायल आता परत 4 वर आणा, किंवा तुमच्या पुस्तिकेत जो मधला आकडा असेल त्यावर. चारही. धागा तुटला की डायल ढिला करायचा हा सल्ला शिलाईच्या क्लासपासून सुईदोऱ्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतो, आणि माझ्या मते घरगुती ओव्हरलॉकची सगळ्यात जास्त नासाडी त्यानेच होते. एक डायल ढिला केला की कडेला फासे लोंबतात, ते आवळायला दुसरा कसायचा, मग कड गुंडाळायला लागते म्हणून तिसरा. तासाभराने चारही आकडे कुठल्या कुठे गेलेले असतात आणि मूळ दुखणं तसंच.

डायल 4 वर असूनही ताण शून्य असू शकतो, कारण डायलमागे धागा दाबून धरणाऱ्या ज्या चकत्या असतात त्यांच्या मध्ये तो बसलेलाच नसतो. ओवताना चकत्या उघड्या असाव्या लागतात. बऱ्याच मशीनवर प्रेसर फूट वर केला की त्या उघडतात. काही मशीनवर फुटाचा आणि चकत्यांचा संबंधच नसतो. तिथे डायल 0 वर नेऊन ओवायचं आणि मग आकडा पूर्ववत करायचा. तुमचं कुठलं हे माहीत नसेल तर फूट वर करा, धागा चकत्यांच्या खाली एका हाताने आणि वर दुसऱ्या हाताने धरा, आणि दात साफ करायचा दोरा फिरवतो तसा दोन-तीनदा खालीवर ओढा. तो आत सरकताना बोटांना जाणवतो.

मग फूट खाली करून प्रत्येक धागा सुईच्या किंवा लूपरच्या बाजूने हळूच ओढा. चारही धाग्यांना अडथळा लागला पाहिजे, एकसारखा नाही तरी जवळपास. एखादा लोण्यासारखा सरकत आला तर तो चकत्यांबाहेर आहे. एखादा धक्के देत, अडखळत आला तर आत काहीतरी अडकलंय. तुमचं मशीन महिनोन्महिने बंद होतं आणि कोकणातली दमट हवा, त्यामुळे मला याचीही शंका आहे. स्पन धाग्याची लव चकत्यांत साचते, ओल धरते आणि नमद्यासारखी घट्ट होते. बाहेरून काहीच दिसत नाही. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडाची बोटाएवढी पट्टी फाडा, फूट वर करून किंवा डायल 0 वर नेऊन ती चकत्यांमध्ये घाला आणि मागेपुढे ओढा. करडी पट्टी बाहेर आली तर समजा, दुखण्याचा एक तुकडा हाती लागला. चकत्यांना तेल लावायचं नाही. तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकीची वाफ आत जाते.

यानंतरही तुटत असेल तर तुटलेलं टोक बघा. लोक ते कापून फेकून देतात, पण त्याच्याइतकी खरी साक्ष दुसरी नाही. पांढऱ्या कागदावर ठेवून, उजेडात, जमल्यास भिंगातून बघा. टोक हळूहळू बारीक होत गेलंय आणि तंतू एका दिशेने ताणलेत, तर धागा ओढला गेलाय: कुठेतरी अडकला, किंवा ताण खरंच जास्त आहे. टोकाच्या आधी इंचभर कापसासारखी लव उठलीय, तर तो घासला गेलाय: लूपरच्या नेढ्यावर गंज आहे, धार आलीय किंवा सुई खराब आहे. आणि टोक कात्रीने कापल्यासारखं बोथट असेल, तर तो ब्लेडखाली गेलाय किंवा सुई-लूपरमध्ये चेचला गेलाय.

ओढलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा मशीनच्या पाठीमागे असतं, जिथे आपण बघतच नाही. साध्या शिलाईला मीटरभर शिवणीमागे अडीच मीटरच्या आसपास धागा लागतो. तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकला तोच साधारण 14 मीटर लागतो आणि त्यातला जवळपास 80 टक्के दोन लूपर खातात. घरगुती मशीन मिनिटाला 1300 टाके मारत असेल आणि टाका अडीच मिलिमीटरचा असेल, तर मिनिटाला सव्वातीन मीटर शिवण होते. हिशेब करा: 45 मीटर धागा एका मिनिटात. एवढ्या वेगाने कोनवरून धागा सुटताना जरा जरी अटकाव झाला तरी त्याचा झटका आधी लूपरला बसतो, सुईला नाही. म्हणून धागा तुटतो तो बहुतेकदा लूपरचाच.

तेव्हा मागचा अँटेना, म्हणजे कोनवरून धागे वर नेणारी दांडी, पूर्ण वर ओढलाय का बघा. तो शेवटपर्यंत वर जाऊन खाचेत बसला पाहिजे आणि वरचे हूक बरोबर आपापल्या कोनच्या डोक्यावर आले पाहिजेत. जागा नाही म्हणून अर्ध्यावर ठेवलेला अँटेना, किंवा फडताळाखाली सरकवलेलं मशीन, या कारणांनी धागा तुटताना मी पुष्कळदा पाहिलंय. कोनवरचा धागा सैल होऊन खाली घसरतो आणि दांडीभोवती गुंडाळतो, तेही तपासा. गुळगुळीत धाग्याच्या कोनवर जाळी चढवली की घसरणं थांबतं. जाळी मिळाली नाही तर कोनच्या बुडाशी स्पंजची चकती ठेवा. साधं रीळ लावलं असेल तर त्याच्या कडेला धागा अडकवायची जी खाच असते ती खालच्या बाजूला करा. वर असली तर दर काही फेऱ्यांनी धागा तीत अडकतो. ठरावीक अंतराने तुटणाऱ्या धाग्याचं हे एक ठरलेलं कारण आहे, आणि तुमचा धागा वीतभराने म्हणजे बऱ्यापैकी ठरावीक अंतराने तुटतोय.

धाग्याबद्दल थोडं. घरगुती ओव्हरलॉकला 120 नंबरचा स्पन पॉलिस्टर कोन घ्या. नंबर मोठा तितका धागा बारीक. आपल्या नेहमीच्या शिलाईचा जाड, तीन पदरी धागा सुईत एकवेळ चालेल, पण दोन्ही लूपरला तोच लावला तर शिवण दोरीसारखी कडक होते आणि ताण कुठल्याच आकड्यावर जुळत नाही. कपाटात पडून राहिलेला सुती धागा तर विचारूच नका. दोन हातांत वीतभर धरून झटका द्या. पटकन तुटला तर तो काजं-बटणंसुद्धा शिवायच्या लायकीचा नाही. कोन उन्हात, खिडकीत ठेवू नका. सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात लाइनवर काम करत होते तेव्हा सुपरवायझर नवी पेटी उघडली की प्रत्येक कोनचा पहिला हातभर धागा ओढून बघायचे. आता घरच्या क्लासला मीही तेच करते.

आता कडेला लोंबणारे फासे. डायल 4 वर आला की ते निम्म्याहून जास्त आपोआप जातील. राहिलेल्यांसाठी चार रंगांचा नमुना शिवा. नवं मशीन आलं, किंवा जुनं बिघडलं, की हे एकदा करावंच. चार वेगळ्या रंगांचे पण एकाच जातीचे, एकाच जाडीचे धागे घ्या: डाव्या सुईला लाल, उजवीला पिवळा, वरच्या लूपरला निळा, खालच्याला हिरवा. घरात रंग नसतील तर दुकानात अर्धवट कोन स्वस्तात मिळतात. जातीत फरक नको, नाहीतर तुम्ही ताण न जुळवता धाग्यांची जाडी जुळवत बसाल. ज्या कापडाचं काम आहे त्याचीच चिंधी दुहेरी घ्या, उभ्या धाग्यावर वीतभर शिवा आणि उलटून बघा.

बरोबर टाक्यात वरून कापडावर निळा दिसतो, खालून हिरवा, आणि दोघं एकमेकांना बरोबर कापडाच्या कडेवर भेटतात. ना वर, ना खाली. लाल आणि पिवळा वरून सरळ रेषेत असतात आणि खालच्या बाजूने फक्त टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात.

निळा वळून खालच्या बाजूला आला असेल तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा जास्त कसलेला आहे. हिरवा वर डोकावत असेल तर उलट. आधी सैल वाटतो तो अर्ध्या आकड्याने कसा, शिवा, बघा. एका वेळी एकच डायल आणि तोही अर्ध्या आकड्याने. दोन्ही रंग कडेवरच भेटतायत पण कडेबाहेर मोकळे लोंबतायत, तर दोन्ही लूपर सैल आहेत, किंवा ब्लेड कापड गरजेपेक्षा जास्त आत कापतंय आणि टाक्याला धरायला कड पुरत नाही. कड आत गुंडाळली जाऊन मध्ये कापडाची वळकटी होत असेल तर उलटं: दोन्ही लूपर घट्ट आहेत, किंवा कापड टाक्याच्या रुंदीत मावत नाहीये. खालून लाल-पिवळ्याचे मोठे फासे दिसले तर त्या सुईचा ताण कमी आहे. शिवण दोन्ही हातांनी फाकवून बघा. मध्ये शिडीसारखे दोरे दिसले तर लाल, म्हणजे डावी सुई, कसायला हवी. कारण कपड्याची खरी शिवण तीच धरते. सुयांचा ताण फार झाला तर शिवणीवर चुण्या येतात, आणि होजिअरी कापड असेल तर ओढल्यावर धागा फटकन तुटतो.

ओढणीला रोल करायला म्हणून टाक्याची जीभ मागे घेतली असेल, आणि नंतर ती परत पुढे आणायची राहिली असेल, तर नेहमीच्या शिवणीत कड हमखास गुंडाळते. ताण जुळवत बसण्याआधी ती कळ बघून घ्या.

टी-शर्टच्या कापडावर सुटणारे टाके हा माझ्या मते वेगळा आजार आहे, आणि तो सुईचा आहे. दोन्ही सुया बदला. एक चांगली दिसतेय म्हणून ठेवू नका, सुईचं टोक डोळ्यांना कळत नाही. होजिअरीसाठी गोल टोकाची सुई घ्या, पातळ कापडाला 11 नंबर, जाडाला 14. सुईची जात मात्र पुस्तिकेत किंवा मशीनच्या झाकणामागे लिहिलेली असते तीच घ्यायची. ब्रदरच्या बऱ्याच घरगुती मशीनना साधी 130/705 एच चालते, जॅनोमीच्या बऱ्याच मशीनना एचए×1 एसपी लागते. दुकानात नुसतं "इंटरलॉकची सुई द्या" म्हटलं तर कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची सुई हातात पडायची शक्यता फार. घरगुती सुईचा दांडा मागून चपटा असतो. एक नमुना सोबत न्या.

बसवताना चपटी बाजू मागे, सुई वर टेकेपर्यंत ढकलायची आणि मग स्क्रू आवळायचा. दोन्ही नीट बसल्या की डावी सुई उजवीपेक्षा किंचित वर दिसते. ते बरोबर आहे. काही जणी दोघींची टोकं एका रेषेत आणायला उजवी वर ढकलायचा नाहीतर डावी खाली ओढायचा खटाटोप करतात आणि मग टाके सुटतात म्हणून हैराण होतात. तीन धाग्यांवर शिवायला एक सुई काढलीत तर तिचा रिकामा स्क्रूही आवळून ठेवा, नाहीतर तो सैल होऊन लूपरमध्ये पडतो आणि मग खरंच मेकॅनिक लागतो.

कड लाटांसारखी होत असेल तर त्याचा धाग्याशी संबंध नाही. डिफरन्शिअल फीड (कापड सरकवणाऱ्या पुढच्या-मागच्या दातांच्या चालीतला फरक ठरवणारी कळ) 1 वरून दीडच्या पुढे न्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला 2 पर्यंत चालतं. ब्लेड बोथट असेल तर कापडाच्या दशा टाक्यातून बाहेर येतात. खालचं ब्लेड बहुतेक मशीनवर सहज बदलता येतं.

रत्नागिरीची हवा बघता गंजाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. कापसाचा छोटा पुंजका घ्या, आणि मशीन बंद असताना दोन्ही लूपरच्या नेढ्यांवरून, टोकांवरून आणि प्लेटच्या जिभेवरून हलकेच फिरवा. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे खरबरीतपणा आहे, मग डोळ्यांना दिसो न दिसो. तिथेच धाग्याची लव निघते. वरवरचा तांबूसपणा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन सुती कापडाने पुसला की जातो. खोल खड्डा किंवा धार असेल तर घासत बसू नका, लूपरचं टोक घासलं की त्याचा आकार बदलतो आणि मग टाका धरतच नाही. खोबरेल तेल मशीनमध्ये कधीही नको. थंडीत ते थिजतं आणि लव धरून बसतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर मीटर-दोन मीटर शिवा, म्हणजे डाग कुर्तीवर पडत नाहीत. आणि पावसाळ्यात मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. सुती झाकण घाला, आणि पंधरवड्यातून एकदा कामाशिवायही चार मिनिटं चालवा.

रंग बदलताना पुन्हा पहिल्यापासून ओवायचा कंटाळा येतो, त्यावर उपाय आहे. जुना धागा कोनजवळ कापा, नव्याचं टोक त्याला घट्ट गाठ मारून जोडा, गाठीची शेपटं बोटभर ठेवा. डायल 0 वर आणा, सुयांचे धागे नेढ्याच्या जरा वर कापून मोकळे करा, आणि लूपरचे जोडलेले धागे एकेक करून हाताने सावकाश ओढून घ्या. लूपरच्या नेढ्यातून गाठ बहुतेक पार होते. सुईच्या नेढ्यातून ती जात नाही, म्हणून तिथे गाठ नेढ्यापर्यंत आणायची, कापायची आणि नवं टोक हाताने ओवायचं. खालच्या लूपरचा धागा न तुटता बदलला गेला, सुया शेवटीच ओवल्या, म्हणजे क्रमही आपोआप पाळला जातो. डायल परत जागेवर आणायला तेवढं विसरू नका.

टायमिंग खरंच जातं, नाही असं नाही. पण त्याची लक्षणं वेगळी असतात. चालू कामात सुई जाड शिवणीवर आपटून तुटली आणि त्यानंतर लगेच बिघाड सुरू झाला. नव्या, योग्य जातीच्या सुया लावूनही सगळ्या कापडांवर एकसारखे टाके सुटतात. चाक हाताने फिरवताना सुई लूपरला घासल्याचा "टिक्" आवाज येतो किंवा एका जागी चाक जड लागतं. यातलं काही असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता मशीन दाखवायला न्या. सुई आणि लूपर यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या दशांशातलं असतं, ते घरी अंदाजाने जुळत नाही. तुमच्या वर्णनात यातलं एकही लक्षण नाही.

नेलंतच तर सोबत चार रंगांचा नमुना, तुमचेच कोन, तुमच्याच टी-शर्टच्या कापडाची चिंधी आणि पेडल घेऊन जा. दुकानातल्या जाड सुती कापडावर, त्यांच्याच धाग्याने कुठलंही मशीन छान चालतं आणि घरी आणल्यावर पुन्हा तेच होतं. तुमच्या कापडावर, तुमच्या समोर हातभर शिवून दाखवायला सांगा. लूपर बदलला असं सांगितलं तर जुना लूपर मागून घ्या आणि त्यावर कापूस फिरवून बघा.

आधी सुया रिकाम्या करून ओवा, मग चकत्या साफ करा, मग सुया बदला, याच क्रमाने. प्रत्येक टप्प्यानंतर चिंधीवर हातभर शिवा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. तरीही तुटला तर तुटलेलं टोक आणि नमुन्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, आणि सुईच्या पाकिटावर काय लिहिलंय तेही कळवा.